डब्याची ताकद

बुद्धिबळाच्या त्या डब्यावर ‘ताकद : दोन हजार’ असं ज्यानं कुणी छापलं, तो एक तर थापाड्या असणार, नाही तर त्यानं तो डबा माणसांसमोर कधी मांडलाच नसणार! आमच्या माणसांसमोर तर नक्कीच नाही.

बुलढाण्यातल्या एका वाचनालयाच्या व्हरांड्यात आमचा चेस क्लब बसतो. एकाच्या पुण्यातल्या भाच्यानं जुने, हातात मावणारे तीन चेस कॉम्प्युटर पाठवले. आपण सोंगटी घरावर दाबायची, डबा दिवे लावून स्वतःची चाल सांगतो. यांची खरी ताकद किती? क्लबात एम.एस्सी. मी एकटीच, म्हणून रजिस्टर मी घेतलं. प्रत्येकानं दहा डाव खेळायचे, निकाल लिहायचा. महिनाभरात आकडे जमले मूठभर आणि किस्से समासात मावेनात!

खरी मोजपट्टी होती गवई काका. एसटीचे निवृत्त कंडक्टर, क्लबात कुणालाच कधी न हरलेले. पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “ज्या दिवशी हा डबा मले हरवीन, त्या दिवशी माहा पट गुंडाळला समजा. मंग मी इथं येत नसतो.” आणि काका बोललेलं पाळतात. एकदा रागानं साखर सोडली, ती सोडलीच. म्हणून त्यांचा नंबर मी शेवटी ठेवला.

*

आधी बसले सलीमचाचा, टेलर. चाचांचा खेळ हातात कमी, तोंडात जास्त. आपण चाल केली की कपाळावर हात मारून म्हणतात, “या अल्ला, बेटा, ये क्या कर दिया!” समोरचा घाबरतो आणि पुढची चाल चुकतो. डब्यासमोर चाचांनी तासभर उसासे टाकले. डबा शांतपणे वजीर खाऊन मोकळा!

चार डाव हरल्यावर चाचा उठले. “येले कान नाहीत. बहिऱ्यासंग कायचा खेळ?”

“चाचा, नियम म्हणजे नियम. दहा डाव!”

“बाकीचे सहा तू खेळ बेटा, मी नुसता बोलतो.”

*

वानखेडे बाई मात्र दहापैकी दहा जिंकल्या. तेही सगळ्यात तगड्या डब्याविरुद्ध! ‘डबा फुसका’ असं मी लिहिणारच होते, पण एक डाव शेजारी बसून पाहिला. चाल मागे घ्यायचं एक बटण असतं. बाईंनी ते एका डावात चाळीस वेळा दाबलं!

“बाई, ही चीटिंग आहे!”

“काऊन वं? चुकलं की खोडा अन् पुन्हा लिहा, हे जिंदगीभर पोरांले शिकवलं. आता मी एकटीनंच चुकीचं ठेवू?”

*

म्हटलं, नवे लोक, नवा डेटा! डबा घेऊन देऊळगाव राजाला गेले. तिथले एक किराणा दुकानदार आजोबा देशी पद्धतीनं खेळतात. त्यांच्या खेळात शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येते. आजोबांनी राजा उडवला. डबा म्हणाला, टीं! पुन्हा उडवला. टीं!

मी आंतरराष्ट्रीय नियम समजावू लागले. आजोबांनी हात वर केला. “एक उडीबी मारू देत न्हाई, तर त्याला राजा कशाला म्हन्ता? कारकून म्हना!”

*

माझा निकाल विचारू नका. मॅन्युअल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली मी एकटीच, आणि हरले लेव्हल दोनला. तेव्हापासून क्लबात लेव्हल दोन माझ्या नावानं ओळखतात.

*

शेवटी एका रविवारी सकाळी काकांचा नंबर आला. ठरलेली लेव्हल आठ, सगळ्यात वरची. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. ते हरले तर उद्यापासून त्यांची खुर्ची रिकामी!

काका हात धुवायला गेले. लेव्हलचं बटण एकदा दाबलं की लेव्हल एकानं उतरते. एकवर असताना दाबलं तर परत थेट आठ. दिसते ती फक्त बटण दाबताना. मी मोजून सात वेळा दाबलं. एक! शास्त्र गेलं खड्ड्यात. वाचनालय झाडणाऱ्या लतामावशी तेवढ्या बघत होत्या. मी ओठांवर बोट ठेवलं आणि काकांसाठी पाणी आणायला आत गेले.

डाव सुरू झाला आणि संपेचना! डबा एकेका चालीला पाच-पाच मिनिटं घेऊ लागला.

“इतक्या टायमात आमची गाडी चिखलीले लागली असती बे!” काका डब्यावर खेकसले.

सेल उतरले असतील, असं मी मनाशी म्हटलं. काकांचा एक हत्ती गेला. मग घोडा. कपाळावर घाम. लेव्हल एकलाही काका हरतात की काय! माझ्याच्यानं बघवेना. पण पावणेतीन तासांनी काकांनी एक प्यादं पार नेलं, त्याचा वजीर केला आणि मात दिली. चाचांनी त्यांना मिठीच मारली.

“लिही पोरी,” काका म्हणाले. “लेव्हल आठ.”

मी लिहिलं. महिनाभरातली माझी पहिली खोटी नोंद. मान वर करायची हिंमत होईना.

सगळे चहाला गेल्यावर लतामावशी झाडू भिंतीला टेकवून माझ्याजवळ आल्या.

“घाबरू नको वं. तू पाणी आणाले गेली न, तवा मीबी एकदा ते बटन दाबलं. काका आपलेच नाहीत काय!”