आधी बोल, मग झाकण काढ

आबांच्या घरून काकूंचा फोन आला तेव्हा मी तिकडं तामिळनाडूत, होसूरच्या खोलीत डाळ निवडत होते. "आबा गेले गं," म्हणाल्या, आणि मग, "मला वाटलंच होतं. जेवण कमी झालं होतं त्यांचं." मी विचारलं, "कमी झालं तेव्हा काय वाटलं होतं, काकू?" त्या म्हणाल्या, "उन्हाळा हाय, असं वाटलं होतं."

असं विचारायला मला आबांनीच शिकवलं. आठवीत शाळा सुटलेली मी, दोन लेकरांची आई झाल्यावर सणसरला त्यांच्या शेडमध्ये बाटल्या धुवायला लागले. बारामतीच्या कॉलेजातून रिटायर झालेले आबा उसाचं पाचट कुजवणारे जीवाणू वाढवायचे. कुठल्याही डब्याचं झाकण काढण्याआधी म्हणायचे, "आत काय झालं असंल? आधी बोल." चुकायची मला फार भीती, पण ते कधी हसले नाहीत. एकदा त्यांनी विचारलं, जीवाणूंनी पाचटावर तुटून पडावं म्हणून काय करावं? मी म्हणाले, "कारखान्याची गोड मळी पाजा भरपूर." त्यांच्या कॉलेजातले मित्रही हेच म्हणाले होते. आबांनी जीवाणू उपाशी ठेवले, मग पाचटावर सोडले. झाकण काढलं तर पाचट काळंभोर, मऊ.

आबांनी या पद्धतीचं पेटंट मागितलं, ते मात्र नाकारलं गेलं. जाणकाराला हे सहज सुचलं असतं, असा शेरा. गावातही तेच, "उपाशी ठिवल्यावर खाणारच की. त्यात काय, आबा?" आबा म्हणायचे, "व्हय रं, झाकण निघाल्यावर त्यात काय." हायकोर्टात अपील केलं तेव्हा वकिलाला त्यांचं एकच सांगणं होतं, झाकण बंद असताना जाणती माणसं काय म्हणत होती, तेवढं मांडा. नवऱ्याची लोणी देवकरहून इकडं होसूरला बदली झाली, त्याआधीची ती आमची शेवटची भेट. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "आबा, मलाबी सुचलंच असतं की उपाशी ठेवायचं."

"न्हाय. तू मळी म्हणालीस. ते बदलू नको. तुझं चुकल्यालं उत्तर माझ्या लई कामाचं हाय."

माझं चुकलेलं कुणाच्या कामाला यावं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

निकाल अजून लागायचाय. लागला की लोक म्हणतील, असंच होणार होतं. काकूंना मी सांगून ठेवलंय, निकालाचा फोन कराल तेव्हा लगेच सांगू नका, आधी मला बोलू द्या... रोज कुकरचं झाकण काढण्याआधी निकाल काय लागंल, त्याचं उत्तर मनात जुळवून बघते. अजून तरी रोज वेगळं येतं.