खिडकीतले सर

“अगं, सरांना तिथेच बोलू दे आणि चल, चहा निवतोय!”

कॅन्टीनमधून एका मुलीने मैत्रिणीला हाक मारली. मैत्रिणीने फोन खिडकीत टेकवला. तिथे आधीच पाच फोन उभे होते आणि प्रत्येकावर आमचे सर आवाज बंद करून शिकवत होते.

रेकॉर्ड केलेली व्याख्यानं मुलं किती वेळ बघतात, यावर सरांचं संशोधन चालू आहे. व्हिडिओ पूर्ण चालला की मुलांची हजेरी लागते. सरांची सहायक म्हणून व्हिडिओ चालल्याची मिनिटं मी मोजते. ‘विद्यार्थी विषयात रमलेले दिसतात,’ हे अहवालातलं वाक्य माझंच.

मला मुलींचा राग आला नाही. सर हातवारे करत होते, मध्येच थांबत होते. “कळलं का?” असं बहुतेक खिडकीतल्या उन्हाला विचारत असावेत. शाळेत इंग्रजी प्रार्थनेला मीही नुसते ओठ हलवायचे. आता सरांसमोर मान हलवते. पीएचडीच्या प्रवेशासाठी त्यांचं शिफारसपत्र हवंय मला. त्या मुलींना निदान फोन ठेवून चहाला जाता येतं. मला माझी मान मागे ठेवून कुठे जाता येतं?

दुपारी सरांनी अहवाल पुढे केला. “छान झालाय. सही कर, आजच पाठवू.”

मान सवयीने हलली. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“सर, व्हिडिओ चालू होते,” मी म्हणाले. “समोर कोणी नव्हतं.”