बेनूनं आणलेली चांगली बातमी

बेनू गेल्याचं सांगायला धाकू म्हात्रे दारात आला, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठला बेनू?" पनवेलात दुसरा बेनू होता कुठं! शाळेपासूनचा माझा दोस्त, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू. बाकीची भावंडं इस्रायलला गेली, हा आणि थोरली रिबकाताई मात्र इथंच राहिले... "ही खाडी सोडून कुठं जाऊ?" म्हणायचा.

इंजिनिअर झाल्यावर नोकरीपुरता तेवढा तो परदेशी गेला, आशियातल्या देशांनी मिळून चालवलेल्या एका आयोगात. मी चिडवायचो, "चहा ढोसून ठराव करायचे, हेच ना तुझं काम?" तो हसायचा. "अरे, एकानं पूर अडवायची युक्ती काढली की ती शेजाऱ्याला शिकवायची. आपल्या खारातली जोळच ही, देशांची." जोळ म्हणजे खारातली, खाडीकाठच्या सखल जमिनीतली, भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचवणारा मातीचा बांध राखायची गावाची रीत. उधाणात बांध फुटला की घरटी एक माणूस फावडं घेऊन धावणार, मग घरात लग्न असो की मयत.

एका रजेत तो नाचतच आला. आयोगाच्या तज्ज्ञांनी आपला खार पाहून दगडी बांधाची शिफारस केली होती. देवळापुढं त्यानं ते सांगितलं आणि गावानं त्याला खांद्यावर घेतलं. पुढच्या उधाणात बांधाला खांड पडली, तर कोणी जागचं हललं नाही! "दगडी बांद येनार हाय ना," हाच धाकू म्हणाला, "मंग आमी कशाला चिखलान जावाचा?" आयोगानं फक्त सुचवायचं, हुकूम आणि पैसा सरकारचा, आणि सरकारला सवड नव्हती. खांड रुंदावत गेली. भाताच्या जागी मीठ फुललं.

नोकरी सोडून बेनू ताईंसह खारात राहायला आला. दारोदार विनवायचा, "चला रे, आपणच बांधू." पण खांड आता फावड्यांना दाद देईना. हा एकटाच ओहोटीला माती टाकायचा, ती भरतीला वाहून जायची. "माझ्या तोंडानं गाव बुडवलं रे," एकदा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. आयोग, सरकार, गाव, सगळ्यांचा मला संताप येतो... पण ओरडू कोणावर?

परवा ताईंकडे गेलो. विहिरीत खारं पाणी उतरलं का, हे पाहायला बेनू रोज सकाळी पहिल्या घागरीतलं पाणी चाखायचा. आता त्या चाखतात. "माझ्या जिभेचा भरवसा नाही, तुम्ही बघा बरं," म्हणत त्यांनी माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. "गोडं आहे ना?"

मी घोट गिळला. मिठानं घसा चरचरला.

"गोडं आहे, ताई," म्हणालो.