बाबांचं मिळमिळीत गाऱ्हाणं

मिळमिळीत म्हणजे ज्यात ना तिखट ना मीठ. आमच्या मालवणाकडे हा शब्द आधी आमटीला लागायचा, मग जीव नसलेल्या भजनाला, मग कुणालाही. म्हटला की लोक हसायचे, म्हणून मला भारी आवडायचा. तेरा वर्षांची होते आणि जिभेला हाड नव्हतं.

आजोबा गेले आणि चतुर्थीला देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं सांगायचा मान बाबांकडे आला. गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या घरादाराच्या वतीने देवाशी खड्या आवाजात बोलायचं, आणि दर मागणीला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडायचं. आजोबांचं पार पाणंदीपर्यंत ऐकू जायचं. बाबांचं पुढ्यात उभ्या असलेल्या मलाही नीट ऐकू येईना. पोराबाळांपर्यंत आले आणि पुटपुटायलाच लागले. ओरडायचं कुठे, तेच कुणाला कळेना.

नारळ फुटला आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं, "बाबा, तुमचा गाराणा अगदीच मिळमिळीत झाला!"

सगळे खो खो हसले. "चेडवान खरा सांगल्यान," काका म्हणाले. बाबाही हसले.

आईने मागीलदारी नेऊन माझा दंड धरला. "तुका अक्कल आसा काय गो? आत चेडू तापान फणफणता. तेच्यासाठी मागताना बापाशीचो गळो दाटलो. आवाज खंयसून येतलो?"

माझी धाकटी बहीण आठ दिवस तापाने पडून होती. मला ते माहीत होतं, आणि तरीही! ती दिवाळीपर्यंत राहिली नाही.

पुढच्या चतुर्थीला बाबांनी नारळ काकांच्या हातात दिला. "तू सांग. माझा मिळमिळीत होता," म्हणाले, तेही हसत. बापाची माफी मागायची आमच्यात रीत नाही, असं स्वतःला सांगत मी वर्षं ढकलली. रीत कसली, धीरच नव्हता मेला.

पुढे काही वर्षांनी माझं लग्न झालं. लेक निघताना तिच्यासाठी गाऱ्हाणं सांगतात. मी म्हटलं, "बाबा, आज तुमी सांगा."

"नको गो. तुझा काम आसा. ता बरा होऊक व्हया."

काकांनी दणदणीत सांगितलं, मांडव दुमदुमला. बाबा मागे खांबाला टेकून सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणत होते. त्यांनी स्वतः माझ्यासाठी काय मागितलं असतं, ते मला कधीच ऐकायला मिळालं नाही.