अकरा नंबरचा अभ्रा

घरात तिला सगळे 'चौकशी' म्हणत. लहानपणी कुणाच्याही बोलण्यात नाक खुपसायची खोड, आणि चाळिशी आली तरी ती काही सुटली नाही. त्यामुळे पणजीच्या आयुष्याचा माग काढायचं तिने मनावर घेतलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. फक्त आजीच्या कपाळावर आठी पडली.

आजी म्हणजे पणजीची एकुलती एक लेक. वय ब्याऐंशी, दात चार, जीभ शाबूत. भिंतीवर तिच्या बाबांचा फोटो होता, सासूसासऱ्यांचा होता, मेलेल्या कुत्र्याचासुद्धा होता. आईचा मात्र कपाटात, कपड्यांखाली पालथा. आईला ती आई म्हणत नसे. 'ती बाई' म्हणे.

"कशाला गाडलेली मढी उकरतेस?" आजी म्हणाली. पण उकरणारी समोर ठाण मांडून बसलेली, मग हिलाही राहवेना. "सहा वर्षांची होते. घटसर्प झाला. साथीच्या दवाखान्यात चाळीस दिवस अकरा नंबरच्या खाटेवर. चार ते पाच भेटीची वेळ. सगळ्या पोरांच्या आया खिडकीबाहेर उभ्या राहायच्या, काचेला नाक लावून. माझे बाबा एकटेच यायचे. आई कुठंय विचारलं की म्हणायचे, कामाला गेलीय. चाळीस दिवसांत ती बाई एकदा आली नाही."

"आणि घरी आल्यावर?"

"आले तर ही धुलाईघरात नोकरीला लागलेली. पोर मरायला टेकलंय आणि हिला नोकरी सुचली! मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. मी एकोणीसची असताना गेली." आजीने पदराने चष्मा पुसला. "त्या दवाखान्यात अभ्रासुद्धा धड नव्हता मेला. कोपऱ्यात लाल दोऱ्याचं रफू. गालाला टोचायचं. मी रोज बसून ते टाके उसवायचे. दुसरा उद्योग काय होता?"

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "हात मात्र ऊन असायचे तिचे. थंडीत माझे पाय धरून बसायची. साबणाचा वास यायचा." आणि लगेच विषय बदलून चहात साखर कमी झाल्याची तक्रार केली.

चौकशीच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. दवाखान्याची जुनी दप्तरं एका बुटक्या खोलीत रचून ठेवलेली होती आणि त्यांच्यावर एक दप्तरदार बसलेला होता. त्याने पहिल्या दिवशी नाही म्हटलं, दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत म्हटलं. तिसऱ्या दिवशी ही घरून डबाच घेऊन आली, तेव्हा त्याने हात टेकले.

आजीच्या भरतीची तारीख मिळाली. नोकरांच्या रजिस्टरात, त्या तारखेनंतर चार दिवसांनी, पणजी सापडली. डाव्या अंगठ्याचा ठसा. काम: कपडे धुणे. विभाग: संसर्ग. पाळी: दुपारी दोन ते आठ. दोन महिन्यांनी मोठ्या धुलाईघरात बदली. आणि मधल्या रकान्यात लिहिलेलं: मुले, नाहीत.

चौकशीने त्या रकान्यावर बोट ठेवलं. आजीच्या जखमेवर मीठ चोळायला एवढे हेलपाटे घातले की काय?

"अहो, असं लिहावंच लागायचं," दप्तरदार डबा चाटूनपुसून संपवत म्हणाला. "संसर्ग विभागात लेकुरवाळ्या बाईला घेतच नसत. रोग घरी नेईल म्हणून. खरं सांगितलं असतं तर फाटकातूनच परत."

चौकशीने तारखा पुन्हा पाहिल्या. मग पाळीची वेळ पाहिली. पणजीच्याच पानावर खाली दुसऱ्या एका बाईचा अंगठा होता, कपड्यांच्या घड्या घालणारीचा. ती कधीच गेली होती, पण तिची लेक, दप्तरदाराच्या ओळखीची, मागच्याच गल्लीत शिवणकाम करत होती. चौकशी तडक तिच्याकडे गेली आणि आईने सांगितलेलं जे जे त्या बाईला आठवत होतं ते ऐकता ऐकता समोरचा चहा गार केला.

घरी आली तेव्हा आजी खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. चौकशीने आडवळण न घेता सांगायला सुरुवात केली.

"आजी, ती तिथेच होती. तुझ्या खोलीमागच्या शेडमध्ये. चार ते पाच तुमची भेट, तेव्हा तिची पाळी चालू. पुढे आली असती तर पोर असल्याचं कळलं असतं, मग हाकललंच असतं."

आजीचे हात थांबले.

"आणि ते रफू नव्हतं. दर खाटेला दोन अभ्रे, वर निळ्या शाईने नंबर. एक उशीवर, एक धुवायला. घड्या घालणाऱ्या बाईने पाहिलं होतं, ही रोज अकरा नंबरच्या अभ्र्याला लाल दोऱ्याने तीन टाके घालायची. का, ते सांगायची नाही. दुसऱ्या दिवशी धुण्याचं बोचकं आलं की आधी तो अभ्रा शोधायची. टाके उसवलेले दिसले की मगच कामाला हात लावायची."

आजीने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "रोज उसवलेले असायचे," ती हळू आवाजात म्हणाली.

"रोज नाही. एकदा दोन दिवस टाके जसेच्या तसे परत आले. त्या दोन दिवसांत ती जेवली नाही, कुणाशी बोलली नाही."

"ताप चढला होता मला." आजी पुढे सरकली. "हात उचलत नव्हता. मग? तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी तो अभ्रा तोंडाशी धरून ही हौदाच्या काठावर बसली आणि हसत सुटली. बायकांना वाटलं, हिला वेड लागलं."

आजी उठली. गुडघ्यावर हात टेकत कपाटापर्यंत गेली, कपड्यांखालचा फोटो काढून तिने सुलटा केला आणि पदराने त्याची काच पुसत राहिली. चौकशी जवळ गेली, पण आजीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

"उसवले होते गं," ती फोटोला म्हणाली. "तिसऱ्या दिवशी तिन्ही उसवले होते गं, आई."