कुंकू लावलेल्या तीन डिस्क

माझा स्वभाव तापट. आता वयामुळे निवळलाय असं घरचे म्हणतात. पण दोन हजार तीन-चारच्या सुमारास वर्ध्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा गिऱ्हाइकाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की माझा आवाज चढायचा. सिंदी रेल्वे या गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई तोच प्रश्न तिसऱ्यांदाही विचारायच्या, आणि मी ओरडलो की माठाकडे बोट दाखवून म्हणायच्या, "आधी पाणी प्या, मंग ओरडा."

मी पाणी प्यायचो आणि मग ओरडायचं राहून जायचं.

बाई निवृत्तीला आल्या होत्या. वाचनालयातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर त्यांनी तीन वर्षं सवड मिळेल तसं बसून कार्डांचं अख्खं कपाट उतरवलं होतं. पुस्तकाचं नाव, लेखक, नंबर हे तर कार्डांवर होतंच. पण यादीच्या प्रोग्रॅममध्ये 'शेरा' नावाचा एक रिकामा रकाना होता, आणि तो बाईंनी मनापासून भरला होता. 'अक्षर बारीक, मोतीबिंदू झालेल्यांना देऊ नये.' 'परीक्षेच्या दिवसांत पोरींना देऊ नये, हातातून सुटत नाही.' 'शेवटचं पान गहाळ, शेवट मला विचारावा.' आपल्या जागी कोण येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. जो येईल त्याच्या हाती हे सगळं नीट ठेवून जायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आमच्याकडची वीज तेव्हा येता-जाता मशीनला दणके द्यायची. आदल्या वर्षी वाचनालयाची एक हार्ड डिस्क त्यातच गेली होती आणि तिच्यावरचा मजकूर मी कसाबसा वाचवून नव्या डिस्कवर घातला होता. म्हणून या वेळी मी दोन डिस्कची जोडी सुचवली. एकच मजकूर दोन्हीवर एकाच वेळी लिहिला जातो, एक मेली तरी दुसरी काम थांबू देत नाही. ही विद्या मी नागपूरला नुकतीच शिकून आलो होतो आणि ती कुणाला तरी दाखवायची मला भारी खुमखुमी होती. वाचनालयाचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी, त्यांच्या जिनिंग कारखान्यातले चार कॉम्प्युटरही दुरुस्तीला माझ्याकडेच होते. त्यांनी मान डोलावली आणि मी आदल्या वर्षीच्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या दोन डिस्क घेऊन सकाळच्या पॅसेंजरने सिंदीला उतरलो.

काम तसं सरळ होतं. ऑपरेटिंग सिस्टीम, मराठी टायपिंग, बाईंची यादी, सगळं जुन्या डिस्कवरून नव्या जोडीवर जसंच्या तसं न्यायचं. बाईंनी विचारलं, "आधी कुठं उतरवून नाई ठेवायचं?"

"अहो बाई, म्हणूनच तर दोन दोन डिस्क लावतोय!"

"हो, पण त्या लावायच्या आधी?"

मी पाणी प्यालो आणि कामाला लागलो.

जुनी डिस्क बाहेर काढून मी ती ब्रशने अशी घासली की तीही नवीच दिसायला लागली. टेबलावर तीन सारख्या डिस्क झाल्या. खूण करायला पेन काढला तर तो पत्र्यावर उमटेना. भिंतीवर सरस्वतीचा फोटो होता, खाली कुंकवाची डबी. बोट बुडवलं आणि जुन्या डिस्कच्या पत्र्यावर ठळक टिकली लावली. आपल्या युक्तीवर खूश होऊन समोरच्या टपरीवर आलुबोंडा खायला गेलो.

परत आलो तर तिन्ही डिस्कवर टिकल्या! शिवाय प्रत्येकीसमोर झेंडूचं एकेक फूल.

बाई प्रसन्न चेहऱ्याने उभ्या होत्या. "तुम्ही जुनीले कुंकू लावलं, पाहून बरं वाटलं. आजकालचे पोरं कुठं लावतात? पण नव्या तशाच ठेवल्या. नवी वस्तू घरात आली तं तिले आधी कुंकू नको का लावाले? म्हणून मीच लावून टाकलं."

त्यात त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे सायकल, शिलाई मशीन, मोटरपंप, काहीही नवं आलं की कुंकू लागल्याशिवाय ते सुरू होत नाही. माझी टिकली ही खूण आहे, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

माझ्या खिशात डायरी होती. काम सुरू करताना जुन्या डिस्कचा नंबर मी तिच्यात लिहून घेतला होता, ती माझी जुनी सवय. ती काढून बारीक अक्षरातला नंबर ताडून पाहायला दोन मिनिटं लागली असती. पण तोवर पेपर वाचायला आलेली चार माणसं टेबलाभोवती जमली होती, आणि त्यांच्यासमोर गोंधळलोय असं दाखवणं मला जमेना. "ही डावीकडची जुनी," मी ठणकावून म्हणालो, "मीच ठेवली होती." उरलेल्या दोन जोडल्या. पडद्यावर मशीनने विचारलं, यांच्यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? जमलेल्यांना मी समजावलं की ते असं नेहमीच विचारतं, आणि होकाराचं बटण दाबलं.

अर्ध्या तासाने डावीकडची डिस्क लावून पाहिली. कोरी होती.

केबल बदलल्या, मशीन पुन्हा पुन्हा सुरू केलं, डायरी काढून टेबलावर उघडून ठेवली, पण आता ती पाहून काय उपयोग? शेवटी तोंड धुवायचं निमित्त करून मागच्या अंगणात नळाशी जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा अध्यक्ष आलेले होते आणि कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"काय झालं? सगळं गेलं म्हणतात?"

माझं तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "माह्याच्यानं झालं. त्याईनं खुणेसाठी जुनीले कुंकू लावलं होतं. मले काय मालूम, मी तिन्हीले लावून ठेवलं."

अध्यक्ष आधी चिडले, मग हसले. "काय बाई, तुम्हीबी! मशीनले कुंकू लावतात काय?" मी गप्प राहिलो. जिनिंगमधली चार मशीनं डोळ्यांसमोर होती, आणि माझी अब्रूही होती. आज लिहितानाही त्या गप्प राहण्याची लाज वाटते.

डिस्क नागपूरला नेऊन दाखवल्या, हाती काही लागलं नाही. सिस्टीम मी नव्याने घातली, प्रोग्रॅमच्या फ्लॉपी बाईंनी कपाटात जपून ठेवल्या होत्या. यादी मात्र पुन्हा टाइप करणं आलं आणि निवृत्तीला जेमतेम चार महिने उरले होते. दर रविवारी मी सिंदीला जायला लागलो. बाई कार्ड वाचायच्या, मी टाइप करायचो, आणि दर वेळी घरी निघताना सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचो. बाकीचे सहा दिवस त्या रात्रीपर्यंत एकट्या बसायच्या. खरी अडचण शेऱ्यांची होती, कारण ते कार्डांवर नव्हतेच. बाई पुस्तक हातात घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि आठवायच्या. "हे एका मास्तरनं चार वेळा नेलं. बायको गेल्यावर पाचव्यांदा नेलं अन् न वाचताच आणून देल्लं. लिहा, एकट्या माणसाले देऊ नये."

मी लिहायचो. डब्यात माझ्यासाठी कधी पाटवडीचा रस्सा असायचा, कधी भरली वांगी. मी चुकीचं टाइप केलं की त्या काही न बोलता ते कार्ड पुन्हा वाचायच्या. चार महिन्यांत मी त्यांच्यावर एकदाही ओरडलो नाही. रविवारची वाट मी बुधवारपासूनच पाहायला लागलो होतो.

शेवटचं कार्ड निवृत्तीच्या आदल्या दिवशी संपलं.

निरोपाच्या कार्यक्रमाला अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. बाईंचं कौतुक केलं आणि मग गमतीने म्हणाले, "बाईनं तीस वर्षं वाचनालय सांभाळलं, अन् एका टिकलीनं पुसून टाकलं!" सगळे खो खो हसले. बाईही हसल्या, पण हातातल्या शालीची घडी उगाच उलगडून पुन्हा घालायला लागल्या. ते मला बघवलं नाही. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो की चूक बाईंची नव्हती, माझी होती. नंबर माझ्या खिशात लिहिलेला होता. मी शहाणपणा मिरवायच्या नादात तो पाहिला नाही, आणि इतके दिवस त्यांच्या आडोशाला लपून राहिलो. हसणं थांबलं. पुढे जिनिंगमधली मशीनंही माझ्याकडून गेली, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही.

कार्यक्रमानंतर बाईंचे हार आणि नारळ घेऊन मी त्यांच्यासोबत घरापर्यंत चालत गेलो. दारात त्या म्हणाल्या, "मले मालूम होतं."

"काय?"

"तुम्ही तोंड धुवाले गेलते, तवा डायरी टेबलावर उघडीच होती. माही सगळी जिंदगी नंबर ताडण्यात गेली, माह्या नजरेतून सुटते का तो? डिस्कवर पाह्यला, डायरीत पाह्यला. तवाच समजलं, नंबर असून तुम्ही ताडला नाई."

"मग काऊन नाही बोललात? अध्यक्षांसमोर उलट स्वतःवर घेतलंत!"

बाईंनी माझ्या हातातला नारळ घेतला. "बोलली असती तं तुम्ही चिडून वर्ध्याले चालले गेले असते. मंग माही यादी कोणासंगं केली असती मी? खरं सांगा, परत आले असते का?"

खरं सांगायचं तर नसतो आलो.