किलोमागे चार ग्रॅम

तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मी पाणी आणि माती तपासते. पाण्यातला कार्बन लीटरमागे मिलिग्रॅममध्ये लिहायचा, मातीतला पूर्वी टक्क्यांत. आकड्यापुढचं एकक राहिलं तर मी दुसऱ्याचा कागद परत पाठवते. आणि आमच्याच शेतातली माती तपासून घरी फोनवर मी नुसतं 'चार' म्हणाले.

आमच्याकडे माप बोलून दाखवायची पद्धतच नाही. भात म्हटलं की खंडी, दूध म्हटलं की लीटर, ज्याचं त्याला कळतं. कारापूरच्या आमच्या शेतातल्या कार्बनचा आधीचा आकडा बाबांना पाठ होता, शून्य पूर्णांक चार. डोंगरावरच्या खाणीचा गाळ दर पावसाळ्यात शेतात उतरतो. त्यात मेलेली माती उठवायला बाबा पाच वर्षं डोक्यावरून शेणखत वाहत होते. डॉक्टरांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दिलेली. यंदा कार्बन वाढला नाही तर शेत सोडतो आणि ऑपरेशन करून घेतो, असं त्यांनी आईला कबूल केलं होतं.

माझा 'चार' ऐकून त्यांनी तारीख रद्द केली. मला ते कळलं महिन्याभराने, घरी गेल्यावर. लंगडत, डोक्यावर शेणखताची पाटी घेऊन ते बांधावरून येत होते. कार्बन दहापट झाल्याचं शेजारीपाजारी सांगून झालं होतं. आमच्या तक्त्यात आता टक्क्यांऐवजी किलोमागे ग्रॅम लिहितात. शून्य पूर्णांक चार टक्के म्हणजेच किलोमागे चार ग्रॅम. गप्प बसावंसं फार वाटलं, पण त्यांचा गुडघा सुजून टम्म झाला होता. तिथे बांधावरच मी सगळं सांगितलं.

त्यांनी पाटी खाली ठेवली. चिडले असते तर बरं झालं असतं.

"बाय, मगे इतकीं वर्सां हांवें कितें केलें?"

इतकी वर्षं काय केलंत म्हणता, खत घातलं नसतं तर आकडा आणखी खाली गेला असता, असं काहीतरी मी पुटपुटले. खरं असेलही, मी ते मोजलेलं नाही. मला माझी, माझ्या शिक्षणाची, सगळ्याचीच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

ऑपरेशन पुढे झालं, छान झालं. बाबा काठीशिवाय चालतात. रोज सकाळी देवळात जातात, शेतावरून जाणारी जवळची वाट सोडून, हमरस्त्याने वळसा घालून.